पावसाआधीची पालवी

भोपाळचा कोलार रोड चुनाभट्टीकडून दक्षिणेला निघतो आणि सर्वधर्म वसाहतीपाशी कलियासोत नदी ओलांडतो. गाड्यांच्या गर्दीत नदीकडे कुणी बघत नाही. तिच्या वरच्या अंगाला कलियासोतचं धरण, आणि तिथून केरवा धरणापर्यंत टेकड्यांवर साग, पळस, मोह, टेंभुर्णी यांचं पानझडी जंगल. कोलार रोडवर राहणाऱ्याने धरणाजवळची एक जागा ठरवावी आणि वर्षभर दर आठवड्याला तिथून समोरच्या टेकडीचा फोटो काढावा. वेळ मात्र सकाळी दहाच्या सुमाराची हवी. या जंगलात वाघांचा वावर आहे, अंधार पडताना तिथे थांबू नये.

एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा फोटो घेण्याची रीत जुनी आहे. 1880च्या दशकाच्या अखेरीस सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर या जर्मन गणितज्ञाने ती आल्प्समधल्या हिमनद्या मोजायला वापरली. आज अमेरिकेतल्या ‘फिनोकॅम’ प्रकल्पाचे कॅमेरे वर्षानुवर्षं त्याच झाडांवर रोखलेले असतात. डिजिटल फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. हिरव्याला तिन्हींच्या बेरजेने भागलं की टेकडीच्या हिरवेपणाचा अंश हातात येतो आणि त्याचा वर्षभराचा आलेख काढता येतो. मोबाइलवरही हे जमतं. फक्त व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर ठेवायचा नाही, कारण फोन रंग आपल्या मनाने सुधारतो. चौकटीत एखादा उघडा खडक कायम असावा. त्याचा रंग फोटोगणिक बदलत असेल, तर बदल प्रकाशाचा आहे, झाडांचा नव्हे.

वर्षाचे फोटो ओळीने लावले की पहिला धक्का एप्रिल-मेमध्ये बसतो. पाऊस आला की झाडं हिरवी होतात, असं आपण सगळेच धरून चालतो. भोपाळला मोसमी पाऊस जूनच्या उत्तरार्धात पोचतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर फुललेला पळस एप्रिलपासूनच पानं धरू लागतो, मोहाला तांबूस पालवी फुटते. जमीन भेगाळलेली, पारा चाळिशीच्या वर, आणि झाड कोवळी पानं काढतंय! याची संगती अशी लागते: पानं गळली की बाष्प होऊन उडून जाणारं पाणी थांबतं आणि खोल मुळांनी ओढलेलं पाणी खोडात साठतं. त्यानंतर वाढत जाणारा दिवस हीच अनेक झाडांना पालवीची खूण ठरते, असं संशोधक मानतात. पहिली सर येते तेव्हा पानं कामाला तयार असतात. मोहाची पालवी तांबूस दिसते ती अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे, म्हणून लालाचा अंशही तसाच काढला, तर आलेखात आधी लाल वर सरकतो आणि मग हिरवा. साग मात्र बहुतेक पावसाचीच वाट बघतो. एकाच टेकडीवर दोन वेगळी वेळापत्रकं चालतात, आणि एखाद्या सुंदर फोटोतून ती कधीच कळत नाहीत.

दुसरा धक्का ऑगस्ट-सप्टेंबरचा. भर पावसाळ्यात, सगळीकडे हिरवं असताना, सागाचे पट्टे करपल्यासारखे तपकिरी होतात. खाली पडलेलं एक पान उचलून उजेडात धरावं: शिरांची जाळी शाबूत, मधला गर गायब. हे काम एका लहान पतंगाच्या अळीचं, युटेक्टोना तिचं नाव. मध्य प्रदेशातल्या सागवनांत ती नेहमीची आहे. उपग्रहाच्या चित्रात हाच पट्टा पाण्याच्या ताणासारखाही वाटू शकतो. धरणाजवळ उभं राहून काढलेला फोटो आणि हातातलं पान, दोन्ही मिळून खरं कारण सांगतात. म्हणून मला हे फोटो काढणं छंदापेक्षा मोठं वाटतं.

झाडांच्या नोंदींसाठी भारतात ‘सीझनवॉच’ हा नागरिकांचा उपक्रम आहे. एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याची पानं, फुलं, फळं टिपायची. फोटोंच्या जोडीला या नोंदी ठेवल्या, तर टेकडीवर दिसणारा रंग कोणत्या झाडाचा, हे अंदाजावर राहत नाही.

नदीचाही एक वेगळा फोटो ठेवावा, कोलार रोडच्या पुलाजवळच्या सुरक्षित जागेवरून. कलियासोतच्या दोन्ही काठांवर 33 मीटरचा हरित पट्टा राखण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2014 मध्ये दिला होता. चौकटीत काठावरचा एखादा पक्का खांब कायम धरला, तर पूर किती चढला, झुडपं कुठे हटली, भराव पाण्याकडे किती सरकला, हे त्या खांबापासून मोजता येतं, आणि प्रत्येक फोटोवर तारीख आपोआप नोंदलेली असते.