आजींचा आवाज मुंबईला पोहोचवताना



गेल्या पावसाळ्यात भीमाशंकरकडच्या आमच्या गटांनी एक सभा मोबाइलवरून लाइव्ह दाखवली. विषय हिरड्याचा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात झाडं मोडली, तेव्हापासून घरात काय ओढाताण झाली ते एक आजी सांगत होत्या. मुंबईला कामाला गेलेली आमचीच माणसं बघत होती. आजी वीस मिनिटं बोलल्या. मग फोन आले, "आजींचे हात दिसले, पण ऐकू आला तो पत्र्यावरचा पाऊस." हे आजींना सांगायला आमच्यातलं कोणी पुढे होईना.

चूक आमचीच. माइक आहे, भोंगा आहे, म्हणजे आवाज आपोआप जाईल असं वाटलं. पण फोन होता शेवटच्या रांगेत. फोनचा माइक जवळचं आधी ऐकतो. पाऊस, खोकला, रडणारं पोर. म्हणून साउंडच्या मशीनमधूनच आवाज वायरने फोनमध्ये घ्यायचा.

बऱ्याच मशीनच्या मागे 'लाइन आउट' लिहिलेलं असतं, वायर तिथून काढायची. भोंग्याला जाणारी वायर मात्र फोनला कधीही लावू नका. त्या लाइनवर १०० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. फोन जाईलच, हातालाही झटका बसेल. साउंडवाल्या दादांना विचारूनच हात लावा.

आता पिन. बोलता येतं त्या इअरफोनच्या पिनेवर तीन रेघा असतात, साध्या गाण्याच्या वायरीवर दोन. दोन रेघांची पिन घातली तर फोनला वाटतं नुसता हेडफोन लावलाय, आणि तो स्वतःचाच माइक चालू ठेवतो. त्यासाठी माइक आणि हेडफोन वेगळे करणारं दोन तोंडांचं कनेक्टर मिळतं. वायर माइकच्या तोंडात घालायची. गोल भोक नसलेल्या फोनला माइक घेणारं टाइप-सी साउंड कार्ड लागतं. दुकानात 'माइक चालतो का' हे विचारूनच घ्या, आम्ही एकदा न विचारता आणलं नि ते नुसतं ऐकायचं निघालं.

वायर लागली का, हे ओळखायची सोपी खूण आहे. रेकॉर्डिंग लावून फोनच्या अंगावर नखाने टकटक करा. टकटक ऐकू आली तर फोन अजून स्वतःचाच माइक ऐकतोय.

लाइनचा आवाज माइकपेक्षा शेकडो पट जोरकस असतो. तसाच सोडला तर फाटतो. बटण शून्यावरून हळूहळू वर न्या. बटण नसेल तर आवाज कमी करणारी वायर मधे जोडावी लागते. घूं असा आवाज आला तर आधी फोनचा चार्जर काढून बघा. आमचं काम पॉवर बँकेवर भागतं.

आणखी एक. वायरीतून तेवढंच जातं जे माइकमध्ये बोललं जातं. मागून कुणी प्रश्न विचारला तर तो मुंबईला जात नाही, म्हणून एक माइक बायकांमध्ये फिरता ठेवा.

सगळं आदल्या संध्याकाळी करून बघा. सभेच्या वेळी एकीने लांब, दुसऱ्या घरात बसून लाइव्ह ऐकायचं. आवाज काही सेकंद उशिरा येतो, त्याने घाबरू नका.

पुढच्या सभेत आजींना पुन्हा उभं केलं. माइक हातात घेऊन त्यांनी आधी विचारलं, "आता तरी जाणार का गं?" तेवढ्यात त्यांच्या मुंबईच्या नातवाचा मेसेज आला, "आजी, ऐकतोय, बोल."