नवा लॅपटॉप नादुरुस्त निघाला तर...

उसाचे बिल हाती आले म्हणजे त्या पैशाला वाटा अनेक फुटतात. पूर्वी त्यातून विहिरीवरचे इंजिन येई, घराची कौले बदलली जात, मुलीच्या लग्नाची बेगमी होई. आता त्याच पैशातून मुलीच्या शिक्षणासाठी लॅपटॉप घेतला जातो. हा बदल स्वागतार्हच आहे. परंतु एवढी रक्कम मोजून घेतलेले यंत्र आठवडाभरातच बंद पडले, तर त्या कुटुंबाने काय करावे?

असे समजू या की, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका शेतकऱ्याने अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या आपल्या मुलीसाठी ४८ हजार रुपयांचा लॅपटॉप घरपोच मागविला. नवव्या दिवशी त्याचा पडदा काळा पडला तो पुन्हा उजळलाच नाही. विक्रेता म्हणतो, “परतीची सात दिवसांची मुदत संपली, कंपनीकडे जा.” सेवा केंद्र म्हणते, “सुटा भाग मागवावा लागेल, केव्हा येईल ते सांगता येत नाही.” परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. अशा वेळी संताप येणे स्वाभाविक आहे. पण संतापापेक्षा कागद अधिक उपयोगी पडतो.

नवे यंत्र लगेच का बिघडते?

जुनी वस्तू बिघडते, नवी टिकते, असा सर्वसाधारण समज आहे. विद्युत उपकरणांच्या बाबतीत तो पूर्णपणे खरा नाही. अशा उपकरणांमध्ये बिघाडाचे प्रमाण वापराच्या अगदी आरंभी आणि आयुष्याच्या अखेरीस अधिक असते. मधला काळ तुलनेने निर्धोक जातो. एखादा सांधा कच्चा राहिलेला असतो, स्मृतीचा एखादा भाग किंवा साठवणुकीची चकती मुळातच सदोष असते, अथवा वाहतुकीतील धक्क्यांनी पडद्याची जोडणी सैल झालेली असते. यंत्र प्रथमच तासन्‌तास चालून तापू लागले म्हणजे हे लपलेले दोष उघडे पडतात. म्हणून पहिले काही दिवस हा खऱ्या अर्थाने परीक्षेचा काळ समजावा. यंत्र खोक्यात जपून न ठेवता भरपूर वापरावे, म्हणजे दोष असलाच तर तो परतीच्या मुदतीतच लक्षात येईल.

पहिल्या दिवसाची दक्षता

खोके उघडण्यापूर्वी त्याचे सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे. ते उघडताना मोबाईलवर सलग चित्रीकरण करावे. खोक्यावरील, यंत्राच्या पाठीवरील आणि बिलावरील अनुक्रमांक एकच आहे ना, हे ताडून पाहावे. त्यानंतर पडदा, कळफलक, कॅमेरा, ध्वनी, चार्जिंग आणि सर्व जोडखाचा एकेक करून तपासाव्यात. खोके व आतील वेष्टण परतीची मुदत संपेपर्यंत मुळीच टाकू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बिल. कर वाचविण्याच्या मोहाने कच्च्या पावतीवर खरेदी करणारा ग्राहक थोड्या रुपयांसाठी आपला पुरावाच गमावतो. वस्तूचे बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविलेली आहे. वॉरंटीचा काळ सामान्यतः बिलाच्या तारखेपासून मोजतात. म्हणून कंपनीच्या नोंदीत ती तारीख बरोबर लागली आहे की नाही, हेही लगेच पाहावे.

बिघाड दिसताच

पहिली गोष्ट म्हणजे यंत्र स्वतः उघडू नये आणि ओळखीच्या कारागिराकडूनही उघडवू नये. तसे केल्यास कंपनी वॉरंटी नाकारू शकते. बॅटरी फुगलेली दिसली, तर यंत्राचा वापर व चार्जिंग तत्काळ थांबवावे. ते पेट घेऊ शकते.

दुसरी गोष्ट, तक्रार त्याच दिवशी आणि लेखी करावी. दूरध्वनीवर झालेल्या बोलण्याचा पुरावा राहात नाही. विक्रेता आणि उत्पादक कंपनी या दोघांनाही ई-मेल पाठवून त्यात बिलाचा क्रमांक, यंत्राचा अनुक्रमांक, ते ताब्यात मिळाल्याची तारीख, बिघाडाची तारीख व स्वरूप आणि आपली मागणी स्पष्ट लिहावी. तक्रार क्रमांक मिळवून जपून ठेवावा. परतीच्या मुदतीत केलेली लेखी तक्रार पुढे फार मोलाची ठरते.

तिसरी गोष्ट, सेवा केंद्रात यंत्र देताना ‘जॉब शीट’ घेतल्याशिवाय परत फिरू नये. तिच्यावर बिघाडाचे वर्णन, यंत्राची बाह्य स्थिती आणि तारीख असावी. ‘यंत्रावर ओरखडे’ किंवा ‘पाणी गेले’ असा शेरा नकळत लिहिला गेला, तर पुढे तोच आपल्याविरुद्ध वापरला जातो. कारण पडल्यामुळे वा पाण्यामुळे झालेले नुकसान सर्वसाधारण वॉरंटीत येत नाही. शेरा मान्य नसेल, तर तसे त्याच कागदावर लिहून मगच सही करावी. यंत्र चालू असेल तर त्यातील कामाची प्रत आधी काढून घ्यावी. दुरुस्तीत साठवणुकीची चकती बदलली गेल्यास आतील मजकूर परत मिळेलच, असे नाही.

दुरुस्ती की बदली?

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. नवे यंत्र बिघडले की दुसरे नवे यंत्र मिळालेच पाहिजे, असा सरसकट हक्क नाही. वॉरंटी म्हणजे बहुधा विनामूल्य दुरुस्तीचे वचन असते. तथापि, आल्याआल्याच निकामी ठरलेल्या यंत्रासाठी अनेक कंपन्यांचा स्वतंत्र नियम असतो. व्यवहारात त्याला ‘डी.ओ.ए.’ म्हणतात. ठरावीक दिवसांत सेवा केंद्राने तसा दाखला दिला, तर यंत्र बदलून मिळते. ही मुदत कंपनीगणिक वेगळी असते. म्हणून पहिल्याच भेटीत या दाखल्याची लेखी मागणी करावी. अनेक ग्राहक केवळ माहिती नसल्याने दुरुस्तीला संमती देऊन बसतात.

दुरुस्ती होऊनही तोच दोष पुनःपुन्हा उद्भवला, तर तो मूळचा उत्पादनदोष असल्याचा दावा बळकट होतो. प्रत्येक खेपेची जॉब शीट हा त्याचा पुरावा होय. यंत्र कर्जाऊ हप्त्यांवर घेतलेले असल्यास रागाच्या भरात हप्ते थांबवू नयेत. कर्जाचा करार वेगळा असतो आणि थकबाकीचा ठपका कर्जदारावरच येतो.

कायद्याचे पाठबळ

१९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाची जागा आता २०१९ च्या अधिनियमाने घेतली असून तो २० जुलै २०२० पासून अंमलात आला आहे. ऑनलाईन खरेदीचा त्यात स्पष्ट समावेश आहे. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी ती घेणाऱ्यास संरक्षण आहे. म्हणजे विद्यार्थिनीप्रमाणेच घरी बसून टंकलेखनाची कामे करणाऱ्या गृहिणीलाही दाद मागता येते.

बिलावर नमूद केलेल्या मुदतीत आणि तशी मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. शिवाय २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार संकेतस्थळावरून विक्री करणाऱ्या विक्रेत्याला सदोष वस्तू परत घेण्यास नकार देता येत नाही. त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे, असे बंधन आहे. तेव्हा ‘सात दिवस संपले’ हे उत्तर म्हणजे शेवटचा शब्द नव्हे.

आयोगाकडे जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

विक्रेत्याने व कंपनीने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ही यंत्रणा निवाडा देत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून तिचा पाठपुरावा करते. पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात. तसे न झाल्यास ठरावीक दिवसांची मुदत देणारी लेखी नोटीस दोघांनाही पोचपावतीसह पाठवावी.

त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ज्या वस्तूसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिला आहे, तिची तक्रार या आयोगापुढे चालते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. विक्रेता दूरच्या राज्यातील असला तरी ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ही २०१९ च्या अधिनियमाने दिलेली मोठी सोय आहे. वकील देण्याची सक्ती नाही. तक्रार संगणकाद्वारेही दाखल करता येते. मात्र ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. तक्रारीत विक्रेता व उत्पादक या दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखविण्याला वाव उरत नाही.

विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि आयोगाने वाढवून दिल्यास आणखी १५ दिवस मिळतात. प्रयोगशाळेतील तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो, हे लक्षात घेऊन तडजोडीची रास्त संधी आली तर ती दवडू नये. आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, व्याजासह किंमत परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो. आदेश न पाळणाऱ्यास कारावास व दंड यांची तरतूद आहे. निकाल मान्य नसल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

आपल्या उदाहरणातील मुलीची परीक्षा मात्र आयोगाच्या निकालासाठी थांबणार नाही. तिने महाविद्यालयातील संगणक कक्षाचा आधार घ्यावा आणि तिच्या वडिलांनी त्याच दिवशी पहिला ई-मेल लिहावा. चाळीस-पन्नास हजारांची रक्कम मोठ्या कंपनीच्या हिशेबात क्षुल्लक असेल. एका घराच्या हिशेबात ती वर्षभराच्या घामाची कमाई असते. ती वसूल करण्यासाठी लागणारी साधने प्रत्येक घरात आहेत: एक बिल, एक जॉब शीट, वेळेवर केलेली एक तक्रार आणि ती शेवटापर्यंत नेण्याची चिकाटी.