‘रोजची भाकर’ आणि ‘बेखमीर भाकर’ : मराठी बायबलातील काही व्यवहारशब्द

धर्मग्रंथाचे भाषांतर म्हणजे ईश्वर, आत्मा, पाप, कृपा अशा संज्ञांना योग्य प्रतिशब्द शोधणे, असा समज अभ्यासकांतही आढळतो. या संज्ञांवर वाद झाले आहेत आणि ते महत्त्वाचेही आहेत. तथापि श्रद्धावंताच्या दैनंदिन जीवनात ग्रंथ शिरतो तो बहुधा या दरवाज्याने नव्हे. अन्न, मजुरी, कर्ज, बातमी अशा साध्या शब्दांच्या वाटेने तो घरात येतो. हे शब्द भाषांतरकाराच्या मालकीचे नसतात. बाजारात त्यांचा अर्थ पालटला की ग्रंथातील त्यांचा अर्थही हलतो.

येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतील ‘भाकर’ हा शब्द या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘आर्तोस’ म्हणजे रोटी, आणि तिला ‘एपिऊसिओस’ असे विशेषण आहे. हा शब्द सामान्य ग्रीक व्यवहारात आढळत नाही, अशी नोंद तिसऱ्या शतकातील ओरिगेन याने करून ठेवली आहे. ‘आजची’, ‘उद्याची’, ‘जगण्यास आवश्यक तेवढी’ असे त्याचे निरनिराळे अर्थ लावले गेले. जेरोमने लॅटिन भाषांतरात हा एकच शब्द मत्तयात ‘द्रव्यातीत’ अशा अर्थाने, तर लूकमध्ये ‘रोजची’ अशा अर्थाने घेतला. एका पंडिताने एकाच शब्दापुढे दोनदा वेगळी मान तुकवावी, यातच त्या शब्दाची अडचण दिसते. मराठीने ‘रोजची’ हा पर्याय स्वीकारला. फारसीतून आलेला ‘रोज’ मराठीत केवळ दिवसाचा वाचक राहिला नाही. ‘रोजाने काम करणे’, ‘रोजंदारी’, ‘रोजगार’ या प्रयोगांत तो दिवसाच्या मजुरीचाही वाचक आहे. भाकर हीदेखील केवळ खाद्यवस्तू नव्हे; ‘पोटाची भाकर’ म्हणजे उपजीविका. त्यामुळे सांजप्रार्थनेला बसलेल्या शेतमजुराच्या कानी पडणारी याचना ही आजचा रोज मिळू दे, या याचनेच्या अगदी निकट जाते. ग्रीक विशेषणाचा वाद येथे सुटलेला नाही. परंतु त्या वादातील एक अर्थ मराठीत असा जिवंत झाला आहे, की बाकीच्यांची उणीव भासत नाही.

पोर्तुगीजांकडून आलेला ‘पाव’ हा शब्द मराठीत रुळलेला होता, आणि वस्तू म्हणून खमिराचा पाव मूळ ग्रीक रोटीला भाकरीहून जवळचा आहे. तरीही भाषांतरकारांनी तो टाळला, हे उचितच झाले. मात्र या निवडीची किंमत अन्यत्र मोजावी लागली. निर्गमाच्या कथेत इस्राएल लोकांना मिसरातून निघण्याची इतकी घाई होते, की कणीक फुगण्यास वेळ मिळत नाही. ती स्मृती म्हणून बिनखमिराची रोटी खाण्याची आज्ञा होते. मराठीत या रोटीला ‘बेखमीर भाकर’ म्हटले आहे. पण मराठी घरातील भाकर मुळातच बेखमीर! ज्वारी-बाजरीच्या पिठात खमीर कोणी घालीत नाही. ज्या विशेषणावर मूळ कथेचा सारा भार आहे, ते मराठी कानाला निरर्थक पुनरुक्तीसारखे वाटते, आणि प्रवासाच्या घाईची खूण पुसली जाते. खमिराच्या दृष्टान्ताचीही हीच गत आहे; तेथे उपदेशकाला इडली-डोशाच्या आंबवणाचे उदाहरण उपयोगी पडावे. प्रार्थनेत तंतोतंत बसलेला शब्द इतिहासकथेत अपुरा पडतो, आणि एकाच ग्रंथात एका वस्तूला दोन नावे देणेही शक्य नसते.

हा पेच सर्वांनी एकाच रीतीने हाताळला नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राचोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त ओवी, पुराण, वैकुंठ हा श्रोत्यांच्या पूर्वसंस्कारांतील सारा ठेवा निःसंकोचपणे वापरला. तेथे भाषांतर नसून पुनर्कथन आहे, म्हणून मोकळीकही अधिक. याउलट श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले, ते मराठी मुलखापासून फार दूर बंगालमध्ये. पंडिता रमाबाईंची भूमिका दोघांहून निराळी. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी केडगाव येथे भाषांतर सिद्ध केले, ते अल्पशिक्षित स्त्रियांना कळावे म्हणून. संस्कृतप्रचुर शब्दांविषयी त्यांना अविश्वास होता. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. संस्कृतात पारंगत असलेल्या विदुषीने संस्कृत शब्द टाळावेत, याचे कारण अर्थात अज्ञान नव्हे. त्या शब्दांमागे कोणते दर्शन उभे आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

अर्थांतराचा खरा धक्का मात्र साध्या शब्दांनाच बसला. मुक्तीच्या मोलाला मराठी भाषांतरात ‘खंडणी’ म्हटलेले आढळते. मराठेशाहीच्या स्मृतीत खंडणी म्हणजे जेत्याला द्यावयाची रक्कम. आजच्या वृत्तपत्रवाचकाला ती गुंडाने उकळलेली रक्कम वाटते. शुभवर्तमानातील ‘वर्तमान’ बखरींत बातमीचा वाचक होता. आज तो ‘वर्तमानपत्र’ या समासापुरता उरला असून एरवी काळाचा बोध करतो. कॅथलिक वर्तुळात रूढ झालेला ‘सुवार्ता’ हा शब्द अधिक पारदर्शक आहे. ‘तारण’ शब्दाचे नशीब याहून विचित्र. एका बाजूस पैलतीरी नेणे, दुसऱ्या बाजूस कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू. ‘सोनेतारण कर्ज’ ही पाटी वाचून प्रार्थनेस गेलेल्या माणसाच्या मनात दोन्ही अर्थ असणार. येथे मात्र गोंधळ म्हणण्याचे कारण नाही. नव्या करारात सुटकेची भाषा वारंवार ऋणाच्या व मोलाच्या भाषेत बोलते, आणि मराठी शब्दाने ते नाते अनायासे राखले आहे.

वसईच्या कॅथलिक समाजात उपासनेची मुख्य भाषा १९६० नंतरच्या दशकापर्यंत लॅटिन होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषेला वाट दिल्यानंतर मराठी वेदीवर आली. त्यानंतर फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या ‘सुबोध बायबल’ने आधुनिक गद्याचा मार्ग धरला. जुने शब्द बदलावेत, असे या मार्गाचे समर्थक म्हणतात, आणि ‘खंडणी’पुरते ते रास्त आहे. सरसकट बदल मात्र घातक ठरेल, कारण काही शब्द ग्रंथाबाहेर उरलेच नाहीत. ‘वल्हांडण’ हे असे एक उदाहरण. ‘ओलांडणे’ या अर्थाचे ‘वल्हांडणे’ हे क्रियापद प्रमाण मराठीतून जवळजवळ गेले. सणाच्या नावात ते टिकले आहे. मृत्यू इस्राएलांची दारे ओलांडून गेला, ही हिब्रू नावामागील कथा मराठी नावातही तशीच आहे. ख्रिस्ती घरातील मूल हे नाव आधी ऐकते; उंबरठा ओलांडण्याशी त्याचा संबंध नंतर कोणीतरी उलगडून दाखवावा लागतो.