जुन्या मालमोटारीचा निकामी मागील आस : दुरुस्ती की बदल?

प्रस्तावना :
शेतमाल, साखर, सिमेंट, विटा अशा अनेक वस्तूंची वाहतूक महाराष्ट्रात दीर्घकाळ दोन आसांच्या, सहा चाकांच्या मालमोटारी करीत आल्या आहेत. तत्कालीन टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे अशा गाड्यांचे उत्पादन सुरू केले. त्या परंपरेतील गाड्या एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात वर्षानुवर्षे रस्त्यावर राहतात. अशा जुन्या गाडीचा मागील आस निकामी झाला, की एकाच गाडीवर प्रपंच चालविणाऱ्या मालकापुढे प्रश्न उभा राहतो : बिघडलेला भाग तेवढा बदलावा, की संपूर्ण आस बदलावा? याचे उत्तर बहुधा हाताशी असलेल्या रकमेवर ठरते. परंतु कोणता भाग कशामुळे निकामी झाला, हे समजल्यावाचून केलेली दुरुस्ती जशी वाया जाते, तसाच केलेला बदलही वाया जातो. या मुद्द्याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मागील आसाची रचना :
'आस' हा एकच शब्द असला तरी ती एक वस्तू नाही. तिचे स्थूलमानाने तीन घटक आहेत. पहिला घटक म्हणजे हौसिंग, अर्थात बाहेरचे पोलादी कवच. गाडीचा व मालाचा भार पाट्यांमार्फत याच्यावर येतो. दुसरा घटक म्हणजे मधला डिफरन्शियल, ज्याला कारागीर 'गोळा' म्हणतात. यातील क्राऊन व पिनियन ही दातेरी जोडी प्रोपेलर शाफ्टची गती कमी करून तिची दिशा काटकोनात वळविते, तर आतील लहान दातेरी चाके वळणावर दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतात. तिसरा घटक म्हणजे उजव्या-डाव्या बाजूंचे दोन एक्सल शाफ्ट.

जड मालमोटारीत चाकाचा हब दोन बेअरिंगांच्या आधारे थेट हौसिंगच्या टोकावर फिरतो. या रचनेस 'फुल फ्लोटिंग' म्हणतात. यात शाफ्टवर गाडीचा भार नसतो. तो केवळ पीळ, म्हणजे टॉर्क, वाहून नेतो. म्हणून शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. मात्र डिफरन्शियलच्या स्वभावानुसार एका बाजूचा शाफ्ट तुटताच दुसऱ्या बाजूचा जोरही नाहीसा होतो आणि उतारावर इंजिनचा रोध मिळेनासा होतो. कसारा किंवा बोर घाट उतरताना असे घडल्यास भरलेली गाडी केवळ ब्रेकवर अवलंबून राहते. अनेक हलक्या वाहनांत 'सेमी फ्लोटिंग' रचना असते. तेथे शाफ्ट तुटल्यास चाकच निखळण्याचा धोका असतो.

बिघाडाची कारणमीमांसा :
८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या रेल्वेगाडीला इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. त्यानंतर आसांच्या भंगाचा अभ्यास वाढला. पुढे जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखविले, की एका वेळी सहज पेलवणारा भारही असंख्य वेळा उलटसुलट पडल्यास धातू भंगतो. यालाच धातुश्रांती म्हणतात.

तुटलेला पृष्ठभाग आपले कारण सांगतो. एका बिंदूपासून पसरत गेलेल्या, शिंपल्यावरील रेषांसारख्या खुणा, त्यांभोवती घासून गुळगुळीत झालेला भाग आणि उरलेला खडबडीत तुकडा असे दृश्य असल्यास भंग हळूहळू, धातुश्रांतीमुळे झाला असे समजावे. शाफ्टच्या टोकावरील खाचा दोरीसारख्या पिळल्या गेल्या असतील, तर अतिरिक्त टॉर्क हे कारण होय. कठीण केलेला शाफ्ट एकाच झटक्यात तुटला, तर भंग अक्षाशी सुमारे ४५ अंशांचा मळसूत्री असतो. वर्गातील खडू दोन्ही हातांनी पिळल्यास तोही असाच तुटतो.

भरलेल्या गाडीत शाफ्टवर ताण अधिक का येतो, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. इंजिनचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे प्रमाण ६ व डिफरन्शियलचे ६.८३ मानल्यास प्रत्येक शाफ्टच्या वाट्याला सुमारे ८,२०० न्यूटन-मीटर टॉर्क येतो. मागील आसावर ३ टन भार, चाकाची त्रिज्या अर्धा मीटर व घर्षणांक ०.६ धरल्यास प्रत्येक बाजूचे चाक सुमारे ४,५०० न्यूटन-मीटरलाच घसरते आणि शाफ्ट वाचतो. भार १० टन असल्यास ही मर्यादा १५,००० वर जाते. चाक घसरत नाही. क्लच एकदम सोडल्याचा झटकाही संपूर्णपणे शाफ्टलाच सोसावा लागतो. जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने चार टायरच्या एका आसाची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. परंतु नियमातील आकडा वाढल्याने जुन्या आसाचे पोलाद बळकट होत नाही, हे लक्षात घ्यावयास हवे.

घटकनिहाय निर्णय :
(१) एक्सल शाफ्ट : याची दुरुस्ती नसते, केवळ बदल असतो. शाफ्टचे पोलाद उष्णतासंस्कार करून कठीण केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तो संस्कार नष्ट होतो व जोडाशेजारील धातू ठिसूळ बनतो. फुल फ्लोटिंग आसात फ्लँजच्या नटा काढून चाक न उतरविता शाफ्ट बाहेर येतो. तत्पूर्वी चाकांना ठोकळे लावणे अत्यावश्यक आहे, कारण शाफ्ट काढल्यावर गिअरमध्ये ठेवलेली गाडीही रोखली जात नाही. आत राहिलेला तुकडा व धातूचा चुरा काढून ऑइल बदलले नाही, तर तो चुरा क्राऊन-पिनियनचे दात खातो.

(२) क्राऊन-पिनियन : ही जोडी कारखान्यात एकमेकींवर घासून जुळविलेली असते, म्हणून एकाचाच दात तुटला तरी दोन्ही बदलावी लागतात. बसविताना दातांमधील मोकळीक डायल गेजने मोजावी व दातांवर रंग लावून स्पर्शाची खूण तपासावी. या दोन गोष्टी टाळल्यास नवी जोडीही लवकरच आवाज करू लागते.

(३) हौसिंग : खरा निर्णय येथे असतो. एकाच बाजूचा शाफ्ट वारंवार तुटणे, ऑइल सील पुनःपुन्हा गळणे, टायर एका कडेने झिजणे ही हौसिंग वाकल्याची लक्षणे होत. वाकलेल्या हौसिंगमध्ये शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात किंचित वाकतो व धातुश्रांतीने तुटतो. अशा वेळी तिसरा शाफ्ट घालणे म्हणजे रोग सोडून लक्षणावर उपचार करणे होय. पाट्यांच्या बैठकीजवळ तडा गेला असेल किंवा बेअरिंगची बैठक झिजून हौसिंग वाकले असेल, तर संपूर्ण आस बदलणेच श्रेयस्कर ठरते.

जुना आस विकत घेताना :
नवा आस परवडत नसल्याने भंगार बाजारातील आस घेतला जातो. पाट्यांच्या बैठकींतील अंतर, ब्रेकचा आकार व दातांचे प्रमाण या तीन गोष्टी आधी जुळविल्या पाहिजेत. क्राऊनला ४१ व पिनियनला ६ दात असल्यास प्रमाण ६.८३ होते; ३७ व ६ असल्यास ६.१७. हा फरक किरकोळ वाटला तरी चढावरील ओढ व उतारावरील इंजिनचा रोध सुमारे १० टक्क्यांनी घटतो. शिवाय गिअरबॉक्सवरून चालणारा वेगमापक ६० दाखवीत असताना प्रत्यक्ष वेग ६६ च्या पुढे असतो. नोंदणी प्रमाणपत्रातील आसभाराशी नवा आस सुसंगत असणेही आवश्यक आहे.

आर्थिक विचार :
दुरुस्ती बदलापेक्षा ३०,००० रुपयांनी स्वस्त आहे आणि गाडी वाटेत पुन्हा बंद पडल्यास ओढून आणणे, माल उतरविणे व खाडे धरून १,००,००० रुपयांची हानी होते, असे मानू. अशा वेळी पुन्हा बिघाड होण्याची शक्यता दुरुस्तीमुळे ३० टक्क्यांहून अधिक वाढत असेल, तर स्वस्त दुरुस्तीच महाग ठरते. हे आकडे प्रत्येक मालकाने आपापले घालावयाचे आहेत. घाटातील जीविताचा धोका मात्र या हिशेबात मावत नाही.

निष्कर्ष :
१. निर्णयापूर्वी तुटलेला पृष्ठभाग तपासावा. तुटलेला तुकडा टाकून देऊ नये.
२. शाफ्ट बदलावा, क्राऊन-पिनियन जोडीने बदलावी व हौसिंग सरळ असेल तरच जुने ठेवावे.
३. एकाच बाजूचा शाफ्ट दुसऱ्यांदा तुटल्यास हौसिंगची मापे घेतल्यावाचून तिसरा बसवू नये.
४. बदली आसाचे दातांचे प्रमाण मूळ आसाइतकेच असावे.
५. अतिभार हे कारण असल्यास दुरुस्ती व बदल दोन्ही निरुपयोगी ठरतात. तेथे भार कमी करणे हाच उपाय उरतो.