खरखरणारा माइक अन् गप्प होणारा माइक

आता हा माझ्या हातातला बिनवायरचा माइकच घ्या. ॲनालॉग असेल तर आवाजाच्या चढउताराप्रमाणे रेडिओलहरीची वारंवारता बदलते, म्हणजे आपलं एफएम. त्याआधी आवाज दाबतात अन् रिसीव्हरमध्ये पुन्हा फुलवतात. त्यात तो थोडा बिघडतो. डिजिटल माइक आवाजाचे आकडे करून पाठवतो. आवाज स्वच्छ येतो, तेवढ्याच पट्ट्यात जास्त माइक मावतात. आकडेमोडीला काही मिलिसेकंद लागतात खरे. पण हवेतून एक मीटर जायलाच आवाजाला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, तेव्हा ते मनावर घेऊ नका.

खरा फरक कळतो सिग्नल कमजोर झाल्यावर. ॲनालॉग आधी खरखरतो, वक्ता दोन पावलं रिसीव्हरकडे सरकतो. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ बोलतो अन् एकदम गप्प होतो. इथं धारणीत समोरच्या अनेकांची मायबोली कोरकू, मुंडा कुळातली. ज्यांची मराठी दुसरी भाषा आहे, त्यांना गळालेला शब्द अंदाजानं भरणं कठीण जातं. खरखरीतून शब्द निदान ओळखता येतो. म्हणून एकदोन माइकच्या सभेला मी ॲनालॉगच घ्या म्हणेन. नाटकाला दहा माइक लागणार असतील तर डिजिटल. अन् सेल मात्र दोन्हीत नवेच टाका बुवा.