पालथ्या चादरीचं तर्कशास्त्र

सोलापुरी चादर हातात आली की ती पालथी करून बघायची माझी सवय जुनी आहे. समोर लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर मागे पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. कापडाचे दोन थर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीच्या जागी वरचा थर खाली, खालचा वर जातो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांना यात नवल वाटत नाही. मला मात्र संगणकाचं गणित वाचताना ही चादर सतत आठवत राहिली.

जकार्ड मागाची कथा वाचकांना ठाऊक असेलच. १८०४च्या सुमारास फ्रान्समधल्या जकार्डने भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं वापरून ताण्याचे धागे उचलायची युक्ती पक्की केली. भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. ग्राफ पेपरवरच्या नक्षीचा एकेक चौकोन असा होकार-नकारात उतरतो. ल्योनमध्ये १८३९ साली जकार्डचं रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. त्याची एक प्रत इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजच्या घरी होती, आणि आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी त्याने हीच कार्डं निवडली. या यंत्रावर १८४३ साली एडा लव्हलेसने टिपणं लिहिली. इथपर्यंत सगळे येतात आणि थांबतात.

मला थांबावंसं वाटतं ते एडाच्या शिक्षकापाशी. १८४०-४१मध्ये तिला पत्रांतून गणित शिकवणारा ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. तान्हेपणीच त्याचा उजवा डोळा गेला आणि काही महिन्यांचा असतानाच त्याला इंग्लंडला नेलं. केंब्रिजमध्ये धर्मनिष्ठेच्या प्रतिज्ञेवर सही करायला त्याने नकार दिला आणि तिथली पुढची वाट स्वतःच बंद केली. एकविसाव्या वर्षी तो लंडनमध्ये प्राध्यापक झाला. तत्त्वासाठी तिथूनही त्याने दोनदा राजीनामा दिला. दिल्लीच्या रामचंद्र या शिक्षकाचं १८५०मध्ये कलकत्त्यात छापलेलं गणिताचं पुस्तक १८५९ साली लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध झालं, ते याच्याच खटपटीने. असा माणूस मला मोठा वाटतो.

त्याचं एडिनबर्गच्या सर विल्यम हॅमिल्टनशी भांडण जुंपलं. हॅमिल्टन तत्त्वज्ञ, गणिताच्या अभ्यासाने बुद्धी घडत नाही असं छापून सांगणारा. तर्कशास्त्रातली एक कल्पना आपल्याकडून उचलल्याचा आरोप त्याने डी मॉर्गनवर केला. वाद वाचून लिंकनमधल्या एका शाळामास्तराला आपला जुना विचार पुन्हा हाती घ्यावासा वाटला. त्याच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. तो जॉर्ज बूल. त्याचं तर्काच्या बीजगणितावरचं पहिलं पुस्तक आणि डी मॉर्गनचं 'फॉर्मल लॉजिक' दोन्ही १८४७ सालीच निघाली. ज्याने गणिताला हिणवलं, त्याच्याच भांडणातून तर्कशास्त्र गणिताच्या ताब्यात गेलं!

आता पुन्हा चादरीकडे या. समजा समोर लाल रंग 'मोर किंवा वेल' असेल तिथे आहे. चादर उलटली, की लाल रंग 'मोरही नाही आणि वेलही नाही' तिथे दिसतो. नकार दिला की 'किंवा'चं 'आणि' होतं, 'आणि'चं 'किंवा'. हाच डी मॉर्गनचा नियम. मध्ययुगीन तार्किकांना तो शब्दांत माहीत होता, पण गणिताच्या वाटेवर आणला यानेच.

या नियमामुळेच संगणकाच्या विद्युतमंडलात 'आणि'चा नकार देणारं नँड हे एकाच प्रकारचं गेट (तर्काची क्रिया करणारा घटक) पुरतं. त्यातून बाकी सगळी गेटं जोडता येतात. क्लॉड शॅनन याने १९३७च्या प्रबंधात बूलचं बीजगणित विजेच्या रिलेंना लावलं. अपोलो यानांचा मार्गदर्शक संगणक तर्कासाठी फक्त नॉर गेटांवर, म्हणजे 'किंवा'च्या नकारावर चालला. तुमच्या फोनच्या चिपची आखणी करतानाही हा नियम पावलोपावली वापरला जातो.

इलेक्ट्रॉनिक जकार्डला पुठ्ठ्याची कार्डं लागत नाहीत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती विणणाऱ्या कार्डांना जपणं त्यात येत नाही. म्हणून कारखानदारांना विनंती: अक्कलकोट रोडला असो वा पूर्व भागात, माळ्यावर दोरीने ओवलेल्या जुन्या कार्डांची एखादी माळ असेल तर ती रद्दीत घालू नका. नक्षीच्या ग्राफसह जवळच्या महाविद्यालयाला द्या. आणि गणिताच्या शिक्षकांनो, हा नियम शिकवाल त्या दिवशी वर्गात एक चादर घेऊन जा.