फोन ‘डेड’ होतो म्हणजे नेमके काय होते?

बटण दाबूनही पडदा उजळत नाही, चार्जर लावला तरी बॅटरीचे चिन्ह उमटत नाही, अशा स्मार्टफोनला दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही ‘डेड’ म्हणून मोकळे होतात. परंतु बॅटरी, चार्जिंगची पिन, डिस्प्ले, सॉफ्टवेअर किंवा मुख्य बोर्ड यांपैकी काहीही बिघडले तरी बाहेरून दिसणारे लक्षण बहुधा तेच असते. पडदा काळा असूनही रिंग वाजत असेल, तर बिघाड डिस्प्लेचा किंवा त्याच्या जोडणीचा असतो. सॉफ्टवेअर अडकून पडले असेल, तर अनेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण काही सेकंद एकत्र दाबून धरल्यास फोन सक्तीने पुन्हा सुरू होतो, आणि दुकानाची पायरी चढण्यापूर्वी एवढे तरी करून पाहावे.

लिथियम-आयन बॅटरीचे व्होल्टेज पूर्ण चार्ज असताना ४.२ ते ४.४ व्होल्टच्या आसपास असते. फोन कित्येक महिने कपाटात पडून राहिला आणि ते सुमारे २.५ व्होल्टच्या खाली घसरले, की बॅटरीला जोडलेले छोटे संरक्षक सर्किट तिचा पुरवठा तोडते. अशा वेळी चार्जर प्रथम अगदी थोडाच प्रवाह देत असल्याने अर्धा-पाऊण तास काहीच न दिसणे स्वाभाविक आहे. मात्र बॅटरी दीर्घकाळ अशीच रिकामी राहिली, तर तिच्या आतील तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबे भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो, म्हणून बाहेरून झटका देऊन तिला ‘उठवण्याचा’ प्रकार धोक्याचा समजावा. फुगलेल्या बॅटरीत तर वायू साठलेला असतो. ती दाबू नये, टोचू नये, चार्ज तर मुळीच करू नये.

पाण्यात पडलेला फोन तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरगुती उपाय अद्याप टिकून आहे, हे नवलच म्हणायचे. हानी नुसत्या ओलाव्याने होत नाही. पाण्यातील क्षार आणि बोर्डावरची वीज एकत्र आली की धातूचे रासायनिक गंजणे सुरू होते, आणि तांदूळ ते क्षार शोषून घेत नाही. फोन तत्काळ बंद करणे, चार्जरला न लावणे आणि कारागिराकडून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन घेणे, हाच खरा उपाय होय.

कारागिराच्या कौशल्याची खरी परीक्षा बोर्डावर होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात बसणारा जाणकार कारागीर प्रथम बॅटरी काढून बोर्डाला ‘डीसी सप्लाय’ जोडतो आणि त्यावरचा अँपिअरचा आकडा पाहतो. बटण दाबण्यापूर्वीच आकडा चढला तर मुख्य लाइन शॉर्ट आहे असे तो ओळखतो. बटण दाबल्यावर आकडा थोडा वर जाऊन तिथेच अडला, तर वीज पोचते आहे पण फोन सुरू होण्याची प्रक्रिया मध्येच थांबते, असा अर्थ निघतो. शॉर्ट शोधण्यासाठी तो बोर्डावर राळेचा धूर सोडतो, त्याचा पांढरा थर बसला की हलके व्होल्टेज देतो, आणि ज्या भागावरची राळ सर्वप्रथम वितळते तो भाग दोषी ठरतो. कित्येकदा हा भाग म्हणजे मोहरीएवढाही नसलेला, वीजपुरवठा स्थिर राखणारा कपॅसिटर असतो, आणि तो बदलला की वीस-पंचवीस हजारांचा फोन पुन्हा चालू लागतो. प्रोसेसरखालचे सोल्डरचे सूक्ष्म मणी सुटले असतील तर मात्र काम अवघड होते. एलजी कंपनीने २०१६ साली आपल्या जी-४ फोनच्या वारंवार रीस्टार्ट होण्यामागे भागांमधील सैल जोडणी असल्याचे मान्य केले होते. नुसत्या हॉट एअर गनने बोर्ड तापवून असा फोन जिवंत झालाच, तरी तो बहुधा थोड्याच काळाचा पाहुणा असतो.

फोन वाचवायचा आहे की त्यातील फोटो आणि कागदपत्रे, हे दोन प्रश्न ग्राहकाच्या मनात एक झालेले असतात, आणि खर्चाचा हिशेब तिथेच चुकतो. आजच्या फोनमधील माहिती कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात साठवलेली असते, आणि ती किल्ली त्याच फोनच्या सुरक्षित हार्डवेअरशी बांधलेली असते. त्यामुळे मेमरी चिप उपटून दुसऱ्या यंत्रात वाचण्याची जुनी युक्ती निरुपयोगी ठरली असून, बॅकअप नसेल तर मूळ बोर्ड क्षणभर तरी चालू करणे हाच एक मार्ग उरतो. तेवढ्यासाठी बोर्डाच्या दुरुस्तीवर पैसे खर्चणे समर्थनीय ठरते. माहिती सुरक्षित असेल, तर तोच खर्च बहुधा व्यर्थ जातो.

बॅटरी किंवा चार्जिंगची पिन बदलण्याला सहसा हरकत नसते, परंतु ज्या फोनला सुरक्षा-अपडेट मिळणे थांबले आहे, त्यावर बँकेचे व्यवहार करणे जोखमीचे असल्याने, तिथे स्वस्त दुरुस्तीही महाग पडू शकते. याउलट, फोनच्या आयुष्यभरातील कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा त्याच्या निर्मितीचाच असतो, त्यामुळे अपडेट चालू असलेला फोन केवळ बॅटरी थकली म्हणून टाकून देणे पटण्यासारखे नाही. युरोपीय संघाने जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलांसाठी सुटे भाग आणि अपडेट वर्षानुवर्षे पुरवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे.

फोनच बदलायचे ठरल्यावर सिम काढून घ्यावे, दुसऱ्या यंत्रावरून आपल्या खात्यातून जुना फोन वगळावा, आणि तो अधिकृत संकलन केंद्रात द्यावा; भारताच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरच टाकलेली आहे. घंटागाडीत टाकलेली लिथियम बॅटरी कचरा दाबला जात असताना पेट घेऊ शकते.